बीन्स ऑन टोस्टसाठी चौपट पैसे मोजावेत का?

गवती चहा

लीड्समध्ये सतरा वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी आम्ही ओहायोत आलो. दोन्ही मुलं तिकडेच जन्मली, तिकडच्याच शाळेत गेली. मागच्या महिन्यात धाकटा तीन दिवस तापाने पडून होता, तोंडाला चव नव्हती. विचारलं, मऊ भात करू का रे? तर म्हणाला, बीन्स ऑन टोस्ट. इथल्याच दुकानातला बेक्ड बीन्सचा डबा फोडला, गरम केला, लोणी लावलेल्या टोस्टवर ओतला. त्याने एक घास घेतला आणि ताटली बाजूला सरकवली. "आई, हे गोड आहे."

बरोबर होतं त्याचं. इथल्या बेक्ड बीन्समध्ये ब्राउन शुगर नाहीतर मोलॅसिस असतं, बऱ्याच डब्यांत बेकनसुद्धा. इंग्लंडातले बीन्स टोमॅटोच्या रसात असतात, जरा आंबटसर, आणि तो रस टोस्टमध्ये मुरतो. शेवटी पस्तीस मैल गाडी हाणून ब्रिटिश वस्तूंच्या दुकानातून हाइन्झचा तो निळसर-हिरवा डबा आणला. तिकडच्या चौपट किंमत पडली. मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "डब्यातल्या उसळीसाठी एवढा आटापिटा?"

ते मला लागलं. मे महिन्यात इथे हापूसची पेटी आली की आपण किंमत न विचारता उचलतो. 2007 साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, तेव्हा किती आनंद झाला होता सगळ्यांना! मग माझ्या मुलाच्या जिभेवर जे बसलंय त्याला कमी का लेखायचं?

चॉकलेटचंही तेच. इथली कॅडबरी डेअरी मिल्क हर्शी ही अमेरिकन कंपनी परवान्यावर बनवते. वेष्टन तेच जांभळं, पण मागे घटक वाचा: इंग्लंडच्या वडीवर पहिलं नाव दुधाचं, इथल्या वडीवर साखरेचं. हर्शीने दावा लावला आणि 2015 मध्ये तडजोड होऊन ब्रिटिश मालाच्या एका मोठ्या आयातदाराने तिकडची कॅडबरी आणणं थांबवलं. म्हणजे पैसे मोजायची तयारी असूनही अस्सल वस्तू सहज मिळत नाही.

माझं मत: परवडत असेल तर मोजावेत. तुम्ही काय म्हणता?

खडकवासला

ताई, मुलाच्या तापाचं वाचून वाईट वाटलं, पण मोजू नयेत असंच म्हणेन.

हे बीन्स कुठून येतात माहीत आहे का? ते पांढरे हॅरिकॉट घेवडे मुख्यतः उत्तर अमेरिकेत पिकतात. तिथून जहाजाने इंग्लंडात जातात, विगनजवळच्या किट ग्रीनच्या कारखान्यात डब्यात भरले जातात आणि मग तोच डबा अटलांटिक ओलांडून परत तुमच्या ओहायोत. तुम्ही चौपट पैसे देता ते त्या घेवड्याच्या परतीच्या भाड्याचे!

तुमच्या दुकानात नेव्ही बीन्स नावाने तेच दाणे मिळतात. रात्री भिजवा, कुकरला लावा. टोमॅटोची गाळलेली प्युरे, चमचाभर व्हिनेगर, चिमूट साखर, मीठ, किंचित पेपरिका, रस आळायला थोडं कॉर्नफ्लोर. परदेशात राहायचं तर हाताला वळण लावून घ्यावं लागतं. आमच्या पिढीने घरचा गोडा मसाला असाच उभा केला.

गवती चहा

खडकवासला, केलं होतं हो. जवळजवळ असंच. चवीला उत्तम झालं. त्याने वाटीभर खाल्लं आणि म्हणाला, "छान आहे, पण ही तुझी उसळ आहे." तो काही तक्रार करत नव्हता. त्याला जे हवं होतं ते त्यात नव्हतं, इतकंच.

भटका जीव

मी कामानिमित्त मेक्सिकोत असतो. इथे पचुका शहराजवळ रेआल देल मोंते नावाचं डोंगरातलं गाव आहे. 1820 च्या दशकात कॉर्नवॉलचे खाणकामगार इथल्या चांदीच्या खाणीत आले आणि सोबत पेस्टी घेऊन आले. पेस्टी म्हणजे आपल्या करंजीचं थोरलं, तिखटमिठाचं भावंड: आत गोमांस, बटाटा, कांदा, स्वीड नावाचा कंद, आणि कडेला जाड मुरड. आज त्या गावात दर दोन दुकानांआड 'पास्ते' मिळतो. बटाटा-मांसाचा जुना प्रकार आहेच, पण मोले म्हणजे मेक्सिकोतला मसालेदार रस्सा भरलेला, तिंगा म्हणजे टोमॅटो-मिरचीतलं चिकन भरलेला, अननसाचा गोडसुद्धा. पास्तेचं संग्रहालय आहे, दर ऑक्टोबरला उत्सव भरतो.

मी पहिला खाल्ला तो थंडीच्या दिवसात, धुकं उतरलेलं असताना. कागदात गुंडाळून हातात दिला, मुरडीला धरूनच खायचा. आत हिरवी मिरची! कॉर्नवॉलच्या माणसाने कदाचित नाक मुरडलं असतं. तिकडे 2011 पासून 'कॉर्निश पेस्टी' नावाला युरोपीय संरक्षण मिळालं: मुरड बाजूलाच हवी, मांस किमान साडेबारा टक्के हवं, पदार्थ कॉर्नवॉलमध्येच तयार व्हायला हवा. त्या हिशेबाने इथला पास्ते नापास. पण जवळपास दोनशे वर्षं टिकला कोण? मिरची स्वीकारलेला. म्हणून माझा कौल खडकवासलांच्या बाजूने. अस्सलच हवं असं धरून बसलं की पदार्थ दुकानाच्या फळीवर राहतो, गावाचा होत नाही.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. त्याच गावात टेकडीवर इंग्रजांची स्मशानभूमी आहे आणि तिथली जवळपास सगळी थडगी इंग्लंडच्या दिशेला तोंड करून आहेत. पास्तेत मिरची घातली, पण तोंड तिकडेच.

शेवगा

मला मुळात हा विषयच पटत नाही. ज्यांनी दीडशे वर्षं लुटलं त्यांच्या डब्यातल्या शेंगांसाठी मराठी माणसाने झुरायचं? मुलाला वरणभात लावा, सवय होईल.

उंबरठा

शेवगा, मुलाने कुणाला लुटलं? तो लीड्समध्ये जन्मला यात त्याचा काय दोष? आणि ताटातला हिशेब एवढा सरळ नाही. केजरी म्हणजे आपली खिचडी, त्यात त्यांनी मासा आणि अंडं घातलं. एचपी सॉसच्या बाटलीवर घटक वाचा, चिंच आणि खजूर सापडेल. म्हणजे चिंचेची चटणी माल्ट व्हिनेगरमध्ये.

मी बर्मिंगहॅममध्ये तीस वर्षं आहे, तर त्या सॉसबद्दल दोन शब्द. बाटलीवर ब्रिटिश संसदेचं चित्र. ॲस्टनला कारखाना होता, मोटरवेवरून जाताना व्हिनेगरचा वास गाडीत शिरायचा. 2007 मध्ये तो बंद झाला आणि उत्पादन हॉलंडमधल्या एल्स्टला गेलं. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तेव्हापासून ती बाटली घरात आणली नाही. म्हणून गवती चहा, तुम्हाला विचारते: तुम्ही ज्याला अस्सल म्हणता ते नेमकं काय? गाव, कारखाना, की चव? गावच हलतं तिथे आपण कशाला धरून बसायचं?

उलट बर्डची कस्टर्ड पावडर बघा. आल्फ्रेड बर्डने 1837 मध्ये इथेच बर्मिंगहॅममध्ये ती काढली, कारण बायकोला अंडं सोसत नव्हतं. म्हणजे ती मुळातच नक्कल! अंड्याच्या कस्टर्डच्या जागी कॉर्नफ्लोर. आणि त्या नकलेवर इंग्लंडच्या पिढ्या वाढल्या, पुण्याच्या वीकफिल्डमुळे आपणही फ्रूट कस्टर्ड खाऊन वाढलो. आज ब्रिटिश माणूस परदेशात अंड्याचं कस्टर्ड सोडून ती पावडरच शोधतो.

काळा घेवडा

जर्मनीतून लिहितोय. युरोपात राहणाऱ्यांना तर हा वादही परवडत नाही. 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटनमधून सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पोर्क पाय, चेडर, क्लॉटेड क्रीम, सगळं सीमेवर काढून घेतात. माझ्या इंग्रज सहकाऱ्याची आई दर नाताळला पुडिंग आणायची, सूएट म्हणजे गुरांच्या चरबीतलं. आता ती वनस्पती-चरबीचं करून आणते. तो म्हणतो चव तीच आहे. आई समोर नसताना मात्र म्हणतो, तीच नाही.

मी ताईंच्या बाजूने. मिळतंय तोवर घ्या.

गवती चहा

शेवगा, वरणभात घरात रोज असतो. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

उंबरठा, तुमच्या प्रश्नावर आठवडाभर विचार केला. आमच्या घरी अस्सल म्हणजे जे खाताना पोराला ओळख पटते ते. बीन्सच्या बाबतीत ती डब्यातच पटते, माझा इलाज नाही. पण सगळ्याच बाबतीत तसं नसेल, म्हणून या शनिवारी क्रम्पेट, म्हणजे तव्यावर भाजलेले इंग्लंडचे जाड जाळीदार पाव, करून बघितले.

मैदा, यीस्ट, कोमट दूध-पाणी. तासाभराने फसफसलं की थोडा खायचा सोडा. ट्यूनाच्या डब्यांची दोन्ही तोंडं कापून रिंगा केल्या, बिडाच्या तव्यावर ठेवल्या. पहिल्या घाण्याला जाळीच पडली नाही, वर नुसती साय धरल्यासारखं झालं. पीठ घट्ट होतं. आंबोळीला करतो तसं पाणी घालून सैल केलं, आच एकदम मंद ठेवली, आणि तिसऱ्या घाण्याला एकेक बुडबुडा वर येऊन फुटायला लागला. फुटला की भोक तसंच राहत होतं. वरचा भाग कोरडा होईपर्यंत उलटायचं नाही, एवढाच धीर लागतो.

धाकट्याने लोणी लावलं आणि खाण्याआधी क्रम्पेट उचलून खालून बघितला. लीड्सला असताना असंच करायचा, लोणी खालपर्यंत झिरपलं की नाही ते बघायला. झिरपलं होतं. ताटलीत पिवळा ठिपका पडला. काही बोलला नाही, चार खाल्ले.

कृती पाहिजे असेल त्यांनी सांगा, मापं लिहून टाकते. बीन्सचे सहा डबे मात्र त्याच संध्याकाळी जाऊन आणले.