एक्झिटला फ्लो लिमिट नेमकी किती टाकायची? मंगल कार्यालयाचं मॉडेल, दोन रनची दोन उत्तरं

चोपडेकर_सिव्हिल

राम राम मंडळी. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी आमच्या तालुक्यातलं एक मंगल कार्यालय घेतलंय, नाव नाही टाकत. ६०० खुर्च्यांचा हॉल आहे, समोर आवारात उघडणारा दोन पल्ल्यांचा मोठा दरवाजा २.४ मीटर, आणि स्टेजच्या बाजूला भटारखान्याच्या बोळीत निघणारा एक १.५ मीटरचा. तुम्हाला माहितीच आहे आपल्याकडे टाळी लागली की अर्धा हॉल एकदम उठतो, वरण-बट्टीची पहिली पंगत धरायची असते, तर मला दोन गोष्टी बघायच्यात, एक ही रोजची गर्दी आणि दुसरं म्हणजे आग लागली तर हॉल किती वेळात रिकामा होतो.

सॉफ्टवेअर पाथफाइंडर (इमारतीतून माणसं बाहेर कशी पडतात ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचं), स्टिअरिंग मोड, म्हणजे माणसं एकमेकांना चुकवत चालतात. पहिला रन घेतला दारांना काहीच फ्लो लिमिट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती माणसं सोडायची ती मर्यादा, न देता, तर सव्वादोन मिनिटांत सगळे बाहेर. मग पुस्तकात एसएफपीईचा (अग्निसुरक्षा इंजिनिअरांची संस्था) १.३२ आकडा सापडला तो दोन्ही दारांच्या फ्लो रेटच्या रकान्यात टाकला, तर मोठ्या दारातून ५२० आणि छोट्यातून ८० गेले आणि वेळ आला साडेसहा मिनिटं. म्हणजे जवळजवळ तिप्पट! सर म्हणाले यातलं खरं कोणतं ते तूच सांग. मला खरंच कळत नाहीये. आणि छोट्या दाराकडे इतके कमी का जातात तेही सांगा कोणीतरी, गुरुवारी रिव्ह्यू आहे.

तापीकाठ

भाऊ, आधी युनिट बघ. १.३२ हा आकडा दर मीटर रुंदीला दर सेकंदाला इतकी माणसं असा आहे, आणि तू ज्या रकान्यात टाकलास तो अख्ख्या दाराचा आहे, दर सेकंदाला किती माणसं. म्हणजे तू २.४ मीटरच्या दाराला एक मीटरच्या दारासारखं वागवलंस, आणि १.५ च्या दारालाही तेच. म्हणून ५२० भागिले १.३२ केलंस तर ३९४ सेकंद येतात, तेच तुझे साडेसहा मिनिटं. सॉफ्टवेअरने काही चूक केली नाही, सांगितलं तेवढंच केलं.

दुसरं, रुंदी पूर्ण धरायची नसते. चौकटीला घासून कोणी चालत नाही, म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंनी १५-१५ सेंटिमीटर सोडायचे, उरते ती प्रभावी रुंदी. तुझं मोठं दार २.४ वजा ०.३ म्हणजे २.१, गुणिले १.३२, साधारण २.७७ माणसं सेकंदाला. छोटं १.२ गुणिले १.३२ म्हणजे १.५८. हे आकडे टाक आणि परत चालव, मोठ्या दाराचा वेळ तीन मिनिटांच्या थोडा वर येईल.

लोक हा १.३२ सरासरी समजून वापरतात तेही सांगून ठेवतो. ती कमाल आहे, चौरस मीटरला साधारण १.९ माणसं असताना मिळणारी. गर्दी त्याहून दाटली की प्रवाह वाढत नाही, कमी होतो. ब्रिटनच्या स्टेडियम गाइडमध्ये सपाट जागेला मीटरला मिनिटाला ८२ माणसं धरतात, ६० ने भागलं की १.३७, म्हणजे दोन्हीकडून आकडा जवळपास तिथेच येतो. मात्र तो ८२ चुकून सेकंदाच्या रकान्यात टाकू नकोस, मग लिमिट असून नसल्यासारखी होते आणि रन बिनबोभाट पूर्ण होतो, कुठे एरर नाही काही नाही. मी असा एक अख्खा रिपोर्ट वाचलाय.

चोपडेकर_सिव्हिल

आते समजनं भो! परत चालवलं, ३ मिनिटं १२ सेकंद आले. खूप आभार दादा. पण मग लिमिट न देता सव्वादोन आले होते ते चुकीचे म्हणायचे का? स्टिअरिंगमध्ये माणसं एकमेकांना चुकवत आपोआप दारात अडकतातच की, मग वरून लिमिट कशाला?

गर्दीवाली_ताई

चांगला प्रश्न आहे, बहुतेक जण इथे घसरतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अडथळा मॉडेलमध्ये आणायचे दोन रस्ते आहेत. एक, दार भूमितीतच जितकं आहे तितकं काढायचं आणि माणसांच्या अंगाचा आकार आणि वेग यातून जो प्रवाह निघेल तो घ्यायचा. दुसरा, दारावर हाताने लिमिट ठेवायची, दर ०.३६ सेकंदाला एक माणूस सोड, असं. पाथफाइंडरमधलाच एसएफपीई मोड दुसऱ्या पद्धतीचा, तिथे माणसं एकमेकांच्या अंगावरसुद्धा उभी राहू शकतात, सगळा हिशोब दाराचा असतो. स्टिअरिंग पहिल्या पद्धतीचा. तू दोन्ही एकदम लावतोस तेव्हा जे कमी असेल ते चालतं, तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते लोक आधी दारच १५-१५ सेंटिमीटर अरुंद करून काढतात आणि नंतर लिमिट काढतानाही तेच ३० वजा करतात तेव्हा, दोनदा कापलं जातं. दार खऱ्या मापाचं ठेव आणि वजाबाकी फक्त लिमिटमध्ये कर.

स्टिअरिंगचे सव्वादोन मिनिटं म्हणजे सगळे तरणेताठे, हातात काही नाही, दाराबाहेर मोकळं मैदान. आपल्या लग्नात कडेवर पोर असतं, आजी असते, आहेराची पिशवी असते. १.३४ मीटर सेकंदाला हा मोकळ्या चालीचा सरासरी वेग सगळीकडे वापरतात, तो सगळ्यांना देऊ नकोस, वयस्कर लोकांचा वेगळा गट कर आणि त्यांना कमी वेग दे. उलट बाजूही बघ, जर्मनी आणि भारतातल्या माणसांना एका रांगेत चालवून तुलना केली होती, २००९ मध्ये छापून आली, त्यात आपली माणसं एकमेकांत कमी अंतर ठेवतात आणि गर्दी वाढली तरी त्यांचा वेग तितका पडत नाही असं निघालं. पण ते रांगेतलं आहे, दारातल्या रेटारेटीचं नाही, म्हणून त्यावरून लिमिट वाढवू नकोस.

मी ज्युपेडसिम नावाचं असंच सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे, पायथॉनमध्ये लिहावं लागतं. तिथे एक्झिट म्हणजे एक बहुभुज, माणूस त्यात शिरला की गायब. आमच्याकडे नवीन मुलं तो बहुभुज थेट उंबरठ्यावर काढतात. मग पहिली रांग दारात पोचते न पोचते तोच नाहीशी होते, बाहेर गर्दी तुंबतच नाही, मागे दाब येतच नाही आणि निकाल एकदम गोंडस दिसतो. तुझी एक्झिट कुठे आहे? आवाराच्या फाटकाबाहेर ने, रस्त्यावर. मधलं अंगण, पार्किंग, फाटक सगळं मॉडेलमध्ये हवं.

छोट्या दाराचं उत्तर सोपं आहे, माणसाला ते दिसत नाही. तो आला मोठ्या दारातून, जाणारही तिथूनच, सॉफ्टवेअर निदान अंतर आणि रांग तरी बघतं. म्हणून ८० हा आकडाही मला जास्तच वाटतो.

मंडपवाला_पारोळा

मी इंजिनिअर नाही, माझा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे, हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. भाऊ तू ते दार २.४ मीटर म्हणतोस ते नकाशावर की तिथे जाऊन बघितलं? बऱ्याच कार्यालयांत दुसरा पल्ला वर्षानुवर्षं उघडलेला नसतो. खालची कडी फरशीतल्या भोकात गंजून बसलेली असते, आणि वर त्या पल्ल्याला आम्हीच फुलांची कमान बांधतो, खोटं कशाला बोलू. लग्नाला सगळे एकाच पल्ल्यातून ये-जा करतात. त्यात उंबरठ्याच्या बाहेर चपलांचा ढीग. आत खुर्च्या कमी पडल्या की जास्तीच्या खुर्च्यांची थप्पी कुठे लावतात माहितीये का, तुझ्या त्या छोट्या दारासमोर, कारण ती जागा मोकळी दिसते.

आणि बोळीत भट्ट्या आणि सिलिंडर. आग लागली तर बहुतेक तिथूनच लागणार ना? मग लोकांना त्याच दाराकडे पाठवणार का?

चोपडेकर_सिव्हिल

काका, तुमचं वाचलं आणि काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो, लग्न चालूच होतं. शब्दन् शब्द खरा निघाला. डावा पल्ला बंद, खालची कडी हलवून बघितली, जागची हलली नाही, भोकात माती आणि अक्षदांचे लाल तांदूळ घट्ट बसलेले. उघड्या पल्ल्याची मोकळी जागा भरली १.१ मीटर, कारण पल्ला पूर्ण मागे जात नाही, मागे कूलर ठेवलाय. टाळी लागल्यावर समोरच्या ओट्यावर उभा राहून मोबाइलवर शूट केलं आणि रात्री बसून मोजलं. पहिल्या मिनिटात ५८ जण निघाले. नंतर चपला शोधायला लोक वाकायला लागले, तेव्हा एका मिनिटात ३१. एक मावशी एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने सँडलचा पट्टा लावत होत्या आणि त्यांच्या मागे अख्खी रांग थांबलेली.

तापीकाठ दादांच्या हिशोबाने १.१ वजा ०.३ गुणिले १.३२ म्हणजे १.०६, मिनिटाला ६३. माझे ५८ त्याच्या जवळच आहेत, फक्त चपला नसतील तोपर्यंत.

मग छोटं दार बंद धरून, सगळे ६०० एका पल्ल्यातून असा रन घेतला. साडेनऊ मिनिटं. तेच दोन्ही पल्ले उघडे ठेवून घेतला तर साडेतीनच्या थोडं वर. एका गंजलेल्या कडीसाठी सहा मिनिटं, रात्रभर झोप नाही लागली. पुढच्या महिन्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न तिथेच आहे.

तापीकाठ

रिव्ह्यूमध्ये हे दोन रन पहिल्या स्लाइडवर ठेव, बाकी रंगीत चित्रं नंतर. आणि १.०६ ची लिमिट टाकून थांबू नकोस, चपलांसाठी ३१ वाला रनही घे, म्हणजे सेकंदाला अर्धा माणूस. आगीच्या रनमध्ये ते कमीत कमी पकडून चाललेलं बरं, लोक आगीतही चपला शोधतील की नाही यावर वाद होईल पण ढिगात पाय अडकणार हे नक्की. पाथफाइंडरमधून दारांची सीएसव्ही, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याची फाइल निघते त्यात प्रत्येक दाराचा प्रवाह आणि मागची रांग सेकंदागणिक येते, तुझ्या व्हिडिओच्या आकड्यांशेजारी तोच आलेख लाव. सरांचा प्रश्न तिथेच सुटतो.

राष्ट्रीय इमारत संहितेतलं सभागृहांच्या दाराच्या रुंदीचं कलमही जोड. २ मीटरपेक्षा कमी चालत नाही त्यात, एका पल्ल्यात ते बसतच नाही.

गर्दीवाली_ताई

एक राहिलं. लोकांनी एक्झिट कशी निवडायची हे दोन प्रकारे चालव, एकदा सॉफ्टवेअरवर सोड आणि एकदा सगळ्यांना आल्या दारानेच पाठव. दोन्हीतला फरक म्हणजे छोट्या दारावर पाटी आणि दिवा लावून किती फायदा होईल त्याची वरची मर्यादा. आणि व्हिडिओ कोणाला पाठवू नकोस हं, लग्नातल्या बायका-पोरांचे चेहरे आहेत त्यात, फक्त आकडे दे.

मंडपवाला_पारोळा

बेटा, बहिणीच्या लग्नाचा मंडप कोणाकडे दिलाय ते विचारून ठेव. आमच्यापैकीच कोणीतरी असणार, मी बोलतो. कमान पल्ल्याला न बांधता दोन बाजूंना बांबू रोवून त्याच्यावर बांधता येते, खर्च काही फार वाढत नाही. चपलांना अंगणात डाव्या हाताला ताडपत्री टाकू आणि एक पोरगा बसवू. कडीला आधी रॉकेल सोडून ठेवायला सांग मालकाला दोन दिवस, नाहीच निघाली तर ग्राइंडर घेऊन मी येतो, पण मालकाला तुझे ते साडेनऊ आणि साडेतीन मिनिटं आधी दाखव.