मूर्ख कसा करील?

काही जण म्हणतात की बुद्ध्यांक (आयक्यू) चाचणीत खेड्यातली माणसं मागं पडतात, म्हणजे बुद्धी कमीच. अहो, चाचणी कशासाठी निघाली ते बघा. बिने आणि सिमाँ या फ्रेंच संशोधकांनी 1905 मध्ये पॅरिसला ती केली, शाळेत मागं पडणारी पोरं ओळखायला. तिच्यात शाळाच दिसणार की!

पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया देश आहे, तिथल्या क्पेले जमातीच्या शेतकऱ्यांचा किस्सा मला फार आवडतो. संशोधकांनी त्यांच्यापुढं खाण्याच्या वस्तू, भांडी, अवजारं, कपडे असं सगळं मांडलं आणि गट लावायला सांगितले. त्यांनी सुरी ठेवली संत्र्यापाशी; ती संत्रं कापते ना! शहाणा माणूस असंच करतो म्हणाले. शेवटी विचारलं, मूर्ख कसा करील? तर लगेच भांड्यांत भांडी, अवजारांत अवजारं. परीक्षकाला हवं होतं नेमकं तेच.

आमच्या लातूरकडं सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ओल सांगणारे शेतकरी आहेत, पण त्यांना कुणी हुशार म्हणत नाही. हुशार म्हणजे दहावीला पहिला आलेला. मात्र भावकीत बांधावरून काठ्या निघाल्या, की त्या पहिल्या आलेल्याला कुणी बोलवत नाही. तिथं सातवी नापास म्हातारा लागतो, आणि दोन्हीकडचे त्याचं ऐकतात.