खचलेलं अंगण, उखडलेली फरसबंदी: थोडक्यात कसं भागवलंत?

हिरवा_चाफा:
नाशिकचं घर. फाटकापासून पोर्चपर्यंत १० फूट रुंद, ३० फूट लांब पट्टा, पेव्हर ब्लॉक २००९ सालचे. गाडीच्या चाकांखाली आता अक्षरशः चाकोरी पडली आहे. पावसात तिथे डबकं साचतं, आणि गेल्या श्रावणात सासूबाई त्यातच घसरल्या. ठेकेदार म्हणतो सगळं उखडा, नवीन टाका, चौरस फुटाला ११० रुपये. म्हणजे ३३ हजार. माझ्याकडे १५ आहेत. असं काम कुणी केलं असेल तर लिहा. फसलेलंही चालेल, उलट तेच जास्त उपयोगी पडतं.

गंजकी_थापी:
ब्लॉक फुटलेत की नुसते खचलेत, ते आधी बघा. आमचे खचले होते. पहारीने चार उचकटले तर खाली पोकळी, हात कोपरापर्यंत आत गेला. घुशीचं बीळ! गच्चीच्या पाइपाचं पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात पडत होतं. खालची कच वाहून गेली, उरलेलं काम घुशीने केलं. त्यावर नवे ब्लॉक टाकले असते तर तेही दोन पावसांत बसले असते.

म्हणून पहिला खर्च पाइपावर, तो थेट गटारापर्यंत नेला. बिळात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल कोंबला. मग मुरूम चार-चार इंचांच्या थरांनी, पाणी मारून धुमसाने ठोकला. वर दीड इंच कच, आणि तेच जुने ब्लॉक परत. उतार पाण्याच्या नळीने धरा, १० फुटांना २ इंच. गवंडी डोळ्याने बघून 'आहे की उतार' म्हणेल, ऐकू नका. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकत जातात. शेवटी सांध्यांत बारीक वाळू झाडायची, पण अगदी कोरडी. ओली वरच अडकून बसते.

निवांत_रविवार:
झिजलेले ब्लॉक आम्ही उलटे करून बसवले. रंगाचा थर वरच्या बाजूलाच असतो, त्यामुळे सगळं राखाडी दिसतं, आणि कडांना उतरती धार नसल्याने पायाला टोचतात. बायकोने अजून माफ केलेलं नाही. पण पैसे शून्य.

पाखाडीवरून:
कुडाळ. आमच्याकडे ब्लॉक नाहीत, जांभ्याची पाखाडी. चिरे मधोमध झिजून वाटीसारखे झालेले. काकांच्या सल्ल्याने वरून सिमेंटचा पातळ थर दिला. दुसऱ्या पावसात पापडासारखा सुटला. शेवटी चिरे काढून पालथे घातले, चिऱ्याला खालची बाजू कोरी असतेच. शेवाळ मात्र येणारच. मेअखेरीस ब्लीचिंग पावडर आणि खराटा, भर पावसात नारळाची झापं अंथरायची. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

लव्हाळा:
शहाबादी असेल तर ॲसिडने धुवायचा मोह टाळा. तो चुनखडक आहे. आमच्या फरशीवर ओतल्याबरोबर चर्रर्र करून फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. निघत होती ती फरशी. पांढरे डाग कायमचे राहिले.

दूरदेशी:
न्यू जर्सी. इथे ड्राइव्हवे डांबरी. भेगांत पाणी शिरतं, गोठताना फुगतं आणि भेग रुंदावते, म्हणून थंडीआधीच भेगा भरून वरून सीलर फासतो. एकदा आळस करून ऑक्टोबरअखेर फासला. थंडीत वाळलाच नाही, आठवडाभर काळे पाय घरभर.

हिरवा_चाफा:
सर्वांचे आभार. काम झालं. घूस नव्हती, पाइपाचं पाणी मात्र तस्संच निघालं. चाकोरीचे दोन पट्टे तेवढे उचलले, साधारण १२० चौरस फूट. ब्लॉकच्या बाजूंची माती आणि हराळीची मुळं खरवडण्यातच आम्हा तिघांचे दोन रविवार गेले, मुलाने ब्लॉकमागे दोन रुपये मागून घेतले. ३१ फुटके निघाले आणि ती झिगझॅग घडण आता दुकानात मिळत नाही. मग कुंपणाकडेची एक रांग काढून तिकडे वापरली, रिकाम्या पट्टीत मोगरा लावला.

हिशेब: गवंडी आणि बिगारी ३ दिवस ५,१००, कच, मुरूम टेंपोसकट ४,०००, सिमेंट १,५००, ठोकायच्या मशीनचं भाडं १,५००, पाइप १,०००. एकूण १३,१००, मुलाची मजुरी वेगळी.

परवाच्या पावसात चाकोरी कोरडी होती. पाणी उतारावरून नीट फाटकापर्यंत आलं आणि सरकत्या फाटकाच्या रुळाला अडून तिथे साचलं. त्याचा विचार ना गवंड्याने केला ना मी. आता रुळाखालून पाइप घालायचा, दिवाळीनंतर बघते.