स्टेटमेंट उघडायची भीती तुम्हाला कधी वाटायला लागली?

सुरुवात मीच करते. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं की मेल न उघडताच ‘वाचलेला’ अशी खूण करायचे. मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, भरला की फोन येत नाहीत, दंड लागत नाही, म्हणजे सगळं आलबेल, असं दोन वर्षं चाललं. एका रविवारी वही घेऊन बसले. व्याज महिन्याला ३.५ टक्के, मिनिमम ड्यू एकूण बाकीच्या ५ टक्के. म्हणजे भरते त्यातलं बरंचसं व्याजातच जिरतं. नवीन काहीही घेतलं नाही तरी बाकी निम्म्यावर यायला ४१ महिने! आणि मी तर घेतच होते. वही मिटून ठेवली आणि चहाही न पिता झोपले.

तुम्हाला कधी कळलं, सुटलात का, कसे? आकडे सांगायची सक्ती नाही. उपदेश मात्र नकोत, ते स्वतःला पुरेसे करून झालेत.

*

मला खरेदीचं नाही, कार्डाने खर्च केल्यावर मिळणाऱ्या पॉइंटांचं वेड होतं. वार्षिक फी माफ व्हावी म्हणून वर्षाअखेरी नको त्या वस्तू घ्यायचो. फीच्या कैक पट खर्च करून फी वाचवली, याचा वर अभिमान! वर्षभराचे पॉइंट एका महिन्याच्या व्याजाएवढेही भरले नाहीत.

*

माझं प्रकरण जरा लांबलचक आहे. तीन कार्डं, घरात माहीत एकच. एकाचं बिल भरायला दुसऱ्यावरून रोख काढायचो, याची टोपी त्याच्या डोक्यावर. रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं आणि वर शुल्कही लागतं, हे ठाऊक असून काढायचो. शेवटी बायकोला सांगितलं. ती चिडली नाही. एवढंच विचारलं, “अजून काही राहिलंय का?” मी नाही म्हणालो. तिसरं कार्ड राहिलं होतं. ते सांगायला चार दिवस लागले, आणि कर्जापेक्षा तेच चार दिवस तिने जास्त मनावर घेतले. अजूनही घेते.

पुढे कमी व्याजाचं कर्ज काढून तिन्ही फेडली. इथे एक खड्डा आहे, सांभाळा: कार्ड फिटलं की लिमिट पुन्हा मोकळी होते आणि हातात पैसे आल्यासारखं वाटतं. महिन्याभरात मी परत स्वाइप करू लागलो होतो. मग दोन बंद केली आणि उरलेल्याची लिमिट कमी करून घेतली.

*

वरच्यांसारखीच तीन कार्डं माझीही होती. गणित सांगतं, जास्त व्याजाचं आधी फेडा. मी सगळ्यात छोटी बाकी आधी संपवली. थोडं महाग पडलं, पण एक तरी संपलं म्हणून पुढची फेडायची उमेद आली.

*

मी समजत होते की ड्यू डेटपर्यंत, म्हणजे बिल भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत, सगळं बिनव्याजी. ते पूर्ण बिल भरणाऱ्यांसाठी! मागची बाकी राहिली की साधारणपणे नव्या खरेदीवरही खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. हे कळल्यावर फेडून होईपर्यंत कार्ड वापरणंच थांबवलं.

जाता जाता: प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायची होती, काहींनी रोखीने, काहींनी कार्डाने. कार्डवाल्यांची बोली जवळपास दुप्पट गेली. वाचून जरा बरं वाटलं, आपणच काही जगावेगळे बावळट नाही.

*

वडील गेल्यानंतर रात्री झोप लागत नसे, तेव्हा मोबाइलवर खरेदी करायचे. खोकी यायची, न उघडता कपाटावर जायची. एकदा वरचं खोकं डोक्यावर पडलं तेव्हा मोजली, एकोणीस निघाली. सगळीकडे सेव्ह केलेला कार्ड नंबर काढून टाकला आणि कार्ड दुसऱ्या खोलीत ठेवलं. रात्री दोनला पांघरुणातून उठून ते आणायचा कंटाळा यायचा. निर्धार-बिर्धार काही नाही, आळसाने तारलं. झोपेचा प्रश्न मात्र समुपदेशकाकडे जाऊनच थोडा सुटला.

*

मी अजून बाहेर पडलेलो नाही. हे सगळं वाचून तीन महिन्यांची स्टेटमेंटं डाउनलोड केली, दोन उघडली. दोन्हीत एका जिमची वर्गणी कापलेली दिसली. तिथे मी शेवटचा कधी गेलो होतो, आठवत नाही. ती आधी बंद करतो, मग तिसरं उघडतो.