वडिलांची एचएमटी, दोन फिटनेस घड्याळे आणि अचूकतेचा प्रश्न

पहाटफेरी (प्रश्न)

वडिलांच्या ‘एचएमटी जनता’ या किल्लीच्या घड्याळापासून सुरू झालेला माझा घड्याळांचा संग्रह आता नऊवर गेला आहे. त्यात अलीकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिटनेस घड्याळांची भर पडली, आणि नेमकी तीच मला गोंधळात टाकत आहेत. मैदानातील कृत्रिम धावपट्टीवर, चौथ्या लेनमधून, मी दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधून दहा फेऱ्या चाललो. चार किलोमीटर व्हायला हवे होते. डाव्या हातावरच्या घड्याळाने 4.26 दाखवले, तर उजव्या हातावरच्या घड्याळाने 4.19. शेवटी दोन फेऱ्या पळालो तेव्हा डावीकडे नाडीचे ठोके मिनिटाला 162 होते आणि उजवीकडे 138. उष्मांकांच्या आकड्यांत तर जवळपास दीडपटीचा फरक होता. जनता दररोज अकरा ते तेरा सेकंद पुढे जाते, म्हणून घरचे तिला बाद ठरवतात. या तिघांपैकी विश्वास कोणावर ठेवावा?

तिसरी लेन (उत्तर)

प्रथम अंतराविषयी. चारशे मीटर ही पहिल्या लेनची लांबी आहे, आणि तीही आतील कडेपासून तीस सेंटिमीटर बाहेरच्या रेषेवर मोजलेली. लेनची रुंदी 1.22 मीटर असल्यामुळे प्रत्येक लेनगणिक फेरी सात-साडेसात मीटरने वाढत जाते. चौथ्या लेनमधील एक फेरी सुमारे 422 मीटरची होते, म्हणजे आपण चार नव्हे, 4.22 किलोमीटर चाललात. आपली दोन्ही घड्याळे एका टक्क्याच्या आत आहेत. चूक गृहीतकात होती. (हीच चूक मी स्वतः वर्षभर केली आणि घड्याळाला दोष देत राहिलो.) मोकळ्या मैदानात उपग्रहांचे संकेत थेट मिळतात. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर मात्र ते भिंतींवरून परावर्तित होऊन येतात, त्यामुळे तेथील आकड्यांवरून घड्याळांची तुलना करू नये.

नाडीचे म्हणाल तर डावीकडचे 162 मला संशयास्पद वाटतात. मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत टाकते आणि रक्ताच्या प्रवाहानुसार परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतार मोजते. पट्टा सैल असला की पावलागणिक बसणाऱ्या हिसक्याचीही लय त्यात मिसळते आणि घड्याळ तीच लय नाडी म्हणून दाखवू लागते. पळताना मिनिटभर फक्त उजवे पाऊल मोजा आणि दुप्पट करा. आकडा 160 च्या आसपास आला, तर ते घड्याळ आपले हृदय नव्हे, पाय मोजत आहे. पक्की खात्री हवी असल्यास छातीवरचा पट्टा वापरावा, कारण तो हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो.

तबकडीवाला (उत्तर)

जनतेला बाद ठरवणाऱ्यांना एक हिशेब दाखवा. दिवसाचे सेकंद 86,400. त्यात बारा सेकंदांची चूक म्हणजे 7,200 भागांत एक भाग. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचे, म्हणजे अचूकतेचे, प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची सवलत असते, आणि ही तर सेकंदाला पाच टिकटिक करणारी, सर्वसामान्यांसाठी बनवलेली किल्लीची घड्याळे. याउलट 2017 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात मनगटी उपकरणे तपासली, तेव्हा सहा उपकरणांची नाडीच्या मोजणीतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले. तेव्हा उष्मांकांच्या आकड्यावर जिलबी खाऊ नये, एवढेच सांगतो.

संग्राहक या नात्याने मला आपल्या नोंदीतील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: अकरा ते तेरा, म्हणजे चूक जवळजवळ स्थिर आहे. रोज बारा सेकंद पुढे जाणारे घड्याळ घड्याळजी दोन मिनिटांत आवरतो. आज वीस पुढे आणि उद्या पंधरा मागे पडणाऱ्या घड्याळाला मात्र तेलपाणी, कदाचित नवी स्प्रिंगही लागते. घड्याळजीकडे जाण्यापूर्वी एक प्रयोग करा. रात्री ते तबकडी वर करून ठेवत असाल, तर आठवडाभर किल्लीची बाजू खाली करून उभे ठेवा. उभ्या स्थितीत बहुतेक घड्याळे थोडी मंदावतात. मोबाइलच्या स्पीकरजवळ ठेवू नका, कारण चुंबकत्व शिरले तर ते मिनिटांनी पुढे पळू लागेल. आणि कृपया तबकडी रंगवून घेऊ नका. एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना 1961 मध्ये सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला. आता मूळ तबकडीचे नग कमी होत चालले आहेत आणि बाजारात चकचकीत रंगवलेल्यांचाच सुळसुळाट आहे.

गच्चीवरून (उत्तर)

पावलांविषयी थोडेसे. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धरून चाललो की माझे घड्याळ निम्मी पावले गाळते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटरने गेलो की ती सव्याज परत करते.

पहाटफेरी

सर्वांचे आभार. काल मोजले: मिनिटाला उजवी पावले 80 भरली, म्हणजे एकूण 160. डावीकडचा पट्टा एक भोक आवळला आणि घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवले, तेव्हा तेथेही 141 दिसू लागले. उजवीकडे 139 होते. जनता आठ रात्री किल्ली खाली करून उभी ठेवली. वहीतील शेवटची नोंद दिवसाला अधिक सहा सेकंद अशी आहे.