मारुती ८०० ला ओम्नीची एक्सलेटर केबल बसवली आणि घाटात रेस अडकली, आता काय करू?

पांढरी_८००

नमस्कार मंडळी, कोल्हापूरहून लिहितोय. गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडं आहे, पासिंग २०२७ पर्यंत करून घेतलंय त्यामुळं विकायचा विषय नाही.

मागच्या आठवड्यात एक्सलेटर केबल तुटली. म्हणजे एकदम नाही, आधी चार-पाच दिवस पायडल जड लागत होतं, मला वाटलं कार्बमध्ये कचरा असेल, आणि मग कावळा नाक्याला सिग्नल सुटला तसं पायडल पार खाली गेलं आणि गाडी नुसती आयडलवर. मागचे हॉर्न मारतायत, ढकलत बाजूला घेतली. उघडून बघितलं तर पायडलकडच्या निपलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाच्या बोंडापाशी, तारा एकेक करून तुटत आल्या होत्या.

दुकानात ८०० ची केबल शिल्लक नव्हती, आठ दिवस लागतील म्हणाले. दुकानदार म्हणाला इंजिन तेच आहे की, ७९६ सीसी, ओम्नीची न्या, बसतंय. मेस्त्रींनी एका बाजूचं निपल थोडं कानशीनं घासून बसवलं. पण केबल लांब आहे, वीतभरापेक्षा जास्तच, म्हणून त्यांनी बॉनेटखाली एक गोल वळसा मारून केबल टायनं बांधून दिली. गावात दोन दिवस बरी चालली, पायडल जड होतं तेवढंच.

रविवारी पन्हाळ्याला गेलो, बायको आणि पोरगी सोबत. उतरताना वाघबीळच्या अलीकडं वळणावर पाय काढला आणि रेस उतरलीच नाही. क्लच दाबला तर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. किल्ली बंद केली आणि ब्रेकवर गाडी कडेला घेतली. पोरगी मागं रडायला लागली, माझे हात अजून कापतायत लिहिताना. पायडल पायानं वर उचललं तसं ते सुटलं, मग दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू घरी आणली, तेव्हापासून उभी आहे.

आता विचारायचं हे की ही ओम्नीची केबल कापून लहान करता येईल काय? किंवा दुसऱ्या कुठल्या मॉडेलची बरोबर बसती काय? पुढच्या रविवारी गगनबावड्याला लग्न आहे, जायलाच लागतंय.

घाटवाट

भावा आधी हे सांग सगळे बरे आहात ना. बाकी एवढं टेन्शन घेऊ नकोस, वळसा लहान झाला असंल म्हणून अडकली. माझ्या जुन्या गाडीला पण दुसऱ्याची केबल आहे, वळसा मोठा घेतला, आत थोडं ग्रीस सोडलं, दोन वर्षं झाली काही नाही. तसंच कर, रविवारी बिनधास्त जा.

उद्यमनगरचा_काका

घाटवाट, तुझा हेतू चांगला आहे पण हा सल्ला मी मुळीच पटवून घेणार नाही, आणि पोराबाळांची गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं मशीनवर काढलीत, गाडीचा मेस्त्री नाही, पण केबल, स्प्रिंग आणि घर्षण यांच्याशीच रोजचा संबंध.

वळसा लहान की मोठा याला फार महत्त्व नाही, केबल एकूण किती वळली त्याला आहे. शेतातलं उदाहरण घे. बैल ओढ घेत असेल तर आपण कासऱ्याला खुंट्याभोवती दोन वेढे देतो, मग लहान पोरगं पण त्याला धरून ठेवतं. खुंटा जाड असो नाहीतर बारीक, वेढे किती तेच बघायचं. केबलचा इनर, म्हणजे आतली तार, आउटरच्या, म्हणजे बाहेरच्या नळीच्या, आत तसाच घासतो. घर्षणाचा आकडा ०.१५ धरला तर पूर्ण एका वळशात जोर अडीच पटीनं खर्ची पडतो. पाय दाबताना तुम्ही जास्त जोर लावता म्हणून नुसतं जड लागतं, चालून जातं. पण परत येताना ओढणारी फक्त कार्बवरची बारकी रिटर्न स्प्रिंग असते. तिचा जोर पायडलपर्यंत येईतो निम्म्याच्याही खाली गेला, त्यात इंजिन गरम होऊन आतलं प्लॅस्टिकचं अस्तर मऊ झालं, की बटरफ्लाय, म्हणजे कार्बमधली हवा सोडणारी झडप, जिथं आहे तिथंच राहतो. वळसा दुप्पट मोठा केलास तरी वळण ३६० अंशच, फार तर तार कमी मोडते एवढाच फायदा.

दुसरं ग्रीसचं. ज्या केबलला आतून अस्तर असतं तिच्यात ग्रीस घालायचं नसतं, धूळ धरून त्याची पेस्ट होते आणि थंडीत घट्ट होतं. घाटवाट, तुझ्या केबलला अस्तर नसंल तर हलकं तेल चालंल, पण या पोराला ग्रीस सांगू नकोस.

आणि ही गोष्ट सगळ्यांनी डोक्यात ठेवा. एक्सलेटर केबल तुटली तर गाडी थांबते. अडकली तर थांबत नाही. म्हणून केबल नुसती दोन्ही टोकांना अडकली म्हणजे बसली असं होत नाही, ती पाय काढल्यावर स्वतःहून परत येते काय हे आधी बघायचं.

घाटवाट

काका पटलं. कासऱ्याचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. माझ्या गाडीचा वळसा उद्याच उघडून बघतो.

स्पेअर_काउंटर

मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसते, वडिलांचं दुकान, आता मी बघते. पांढरी_८०० दादा, इंजिन तेच आहे हे खरं, पण ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असतंय आणि ड्रायव्हरचं पायडल त्याच्याही पुढं. म्हणजे केबल पायडलपासून मागं जाते. ८०० मध्ये इंजिन बॉनेटखाली आडवं, केबल पायडलवरून मधल्या पत्र्यातून सरळ पुढं. एकीचा रस्ता लांब, दुसरीचा थोडका. इंजिन सारखं म्हणून केबल सारखी कशी असंल? क्लच केबलचं पण असंच गिऱ्हाईक करतात, दिवसातनं एक तरी.

आणखी एक, केबल मागताना नुसतं "८०० ची द्या" म्हणू नका. कार्बवाली की एमपीएफआय, म्हणजे कार्बऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी, ते सांगा. नाव एकच असलं तरी कार्बवरचा ब्रॅकेट आणि थ्रॉटल बॉडीवरचा ब्रॅकेट वेगळा. सगळ्यात बरं म्हणजे जुनी तुटलेली केबल पिशवीत घालून आणा आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघा, आम्हाला त्याचा राग येत नाही. ही गाडी १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती, पार्ट अजून मिळतोय, आठ दिवस म्हणजे आठ दिवस थांबा. लग्नाला एसटीनं जा, गगनबावड्याला गाड्या आहेत.

पांढरी_८००

ताई, काका, खूप आभार. ताई तुमचं पटतंय, जुनी केबल टाकलेली नाही. पण एक शंका आहे. समजा खरंच मिळाली नाही तर दुसऱ्या गाडीची केबल चालेल की नाही हे ठरवायचं कसं? मोजायचं काय काय? आणि कापायचं म्हटलं तर?

उद्यमनगरचा_काका

चांगला प्रश्न विचारलास. सगळे टोकं बघतात, मोजत कोणी नाही.

पहिलं माप आउटरची लांबी, म्हणजे बाहेरची काळी नळी, या टोपीपासून त्या टोपीपर्यंत. दुसरं माप इनर, म्हणजे तार, या निपलपासून त्या निपलपर्यंत. आता इनरमधून आउटर वजा कर. जी उघडी तार उरते तीच खरी गोष्ट, ती जुन्या केबलएवढीच पाहिजे. उघडी तार कमी पडली तर पाय न लावताच बटरफ्लाय थोडा उघडा राहणार, आयडल वाढणार. जास्त झाली तर पायडल जमिनीला टेकलं तरी बटरफ्लाय पूर्ण उघडणार नाही, मग चढाला गाडी दम सोडणार. अॅडजस्टरच्या आट्यांमध्ये थोडाफार फरक भरून निघतो, पण तेवढाच.

आउटर थोडी लांब चालती, सरळ रस्ता देता आला पाहिजे. आउटर आखूड मात्र अजिबात नको. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतंय, गिअर टाकून क्लच सोडला की ते झुलतं, आणि आखूड केबल त्या झुलण्यानंच ओढली जाते. गाडी आचके देते, लोक कार्ब उघडून बसतात.

मग ओढ किती लागते ते बघ. कार्बवरच्या ज्या चाकावर तार गुंडाळते त्याची त्रिज्या समजा २५ मिलिमीटर असली तर पाव फेऱ्याला तार साधारण ३९ मिलिमीटर ओढावी लागते. दुसऱ्या गाडीचं पायडल तेवढं ओढत नसंल तर गाडी कमी पडणार. पण तुझं पायडल आणि कार्ब दोन्ही तुझ्याच गाडीचे आहेत, फक्त केबल परकी, त्यामुळं इथं तुला मोजत बसायला नको.

कापायचं विचारलंस. आउटर कापता येते, पण कापलेल्या तारेचे दात आतल्या अस्तरात घुसतात, ते घासून टोपी नीट बसवावी लागते. इनर कापली की नवीन निपल पाहिजे. ते करायचं तर तारेचं टोक निपलच्या आत फुलासारखं फुलवायचं, फ्लक्स लावून मग डाग द्यायचा. जास्त तापवली की तार नरम पडते आणि बरोबर डागाच्या शेजारी तुटते. उद्यमनगरात हे हातखंडा करणारे लोक आहेत, पण मूळ पार्ट आठ दिवसात येत असताना ही उठाठेव कशाला. आणि ते कानशीनं घासलेलं निपल तर मला बिलकुल आवडलं नाही, निपल खाचेत फिरतं राहिलं पाहिजे, तिरकं अडकलं की तार दर दाबाला तिथंच मोडती. तुझी पहिली केबल पण तिथंच तुटली ना.

रंकाळ्याकाठी

थोडं आगंतुक बोलतो पण काका म्हणतात त्याच्या आधीचं एक काम आहे. दोष केबलचाच आहे की कार्बचा, ते आधी बघा. इंजिन बंद ठेवून केबल कार्बवरून काढा आणि बटरफ्लाय बोटानं पूर्ण उघडून सोडून द्या. खटकन बंद झाला तर कार्ब आणि स्प्रिंग चांगली, दोष केबल किंवा पायडलचा. रेंगाळला तर कार्बची दांडी किंवा स्प्रिंग, मग नवीन केबल घालून पण तेच होणार. माझ्या गाडीला असंच झालं होतं, केबल दोनदा बदलली आणि दोष निघाला दांडीत. पायडलचं बिजागर आणि खालची मॅट पण बघा, जाड मॅट पायडलखाली घुसते.

आणि ज्यांनी हा धागा वाचलाय त्यांच्यासाठी, चालत्या गाडीत रेस अडकली तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, इंजिन ओरडू दे. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पंप करू नका, कारण बटरफ्लाय उघडा असताना व्हॅक्यूम मिळत नाही आणि बूस्टर, म्हणजे त्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा डबा, असलेल्या गाडीत एक-दोन दाबातच ब्रेक दगडासारखा होतो. गाडी थांबल्यावर किल्ली बंद. चालत्या गाडीत किल्ली पार शेवटपर्यंत फिरवली आणि चुकून निघून आली तर स्टिअरिंग लॉक होतं, घाटात ते झालं तर विषय संपला. पांढरी_८०० तुम्ही वाचलात, देवाची कृपा.

पांढरी_८००

हे किल्लीचं मला माहितीच नव्हतं. मी फक्त एक खटका फिरवली म्हणून बरं झालं. आज संध्याकाळी कार्बची परीक्षा करतो.

पांढरी_८००

दहा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

कार्ब चांगला निघाला, बोट सोडलं की खटकन बंद. लग्नाला एसटीनं गेलो. कार्बवाल्या ८०० ची केबल परवा आली, काउंटरवरच जुनीशी मांडून बघितली, काकांनी सांगितलं तसं टेपनं मोजलं, उघडी तार तंतोतंत. ओम्नीची काढताना दिसलं की वळशाचा खालचा भाग एक्झॉस्टच्या पाईपकडं सरकला होता आणि काळं आवरण एका बाजूनं वितळलं होतं. आत इनर हातानं ओढून बघितली तर तिथं येऊन अडायची. म्हणजे वळसा तर होताच, त्यात हे.

मधल्या पत्र्यातलं रबरी बूच पण गायब होतं, पत्र्याची धार थेट केबलला लागत होती, ते नवीन घातलं, वीस रुपये.

काल पोरीला ड्रायव्हर सीटवर बसवलं, इंजिन बंद, ती पायडल जमिनीला टेकवायची आणि मी बॉनेट उघडून बटरफ्लाय बघायचो. पूर्ण उघडला आणि सोडल्यावर पूर्ण बंद, वीस वेळा करून घेतलं. आयडलला केबल दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवली, चेकनट आवळला. मग इंजिन गरम करून परत तेच. आज सकाळी एकटाच पन्हाळ्याला जाऊन आलो, वाघबीळच्या त्याच वळणावर मुद्दाम पाय काढला, रेस लगेच खाली.

मेस्त्रींना वितळलेली केबल नेऊन दाखवली. ते बराच वेळ हातात धरून बघत बसले, म्हणाले मी वळसा मारायला नको होता, आणि बसवायचे घेतलेले पैसे परत दिले. मी नको म्हणत होतो.

उद्यमनगरचा_काका

चांगलं केलंस. महिन्याभरानं एकदा सैलपणा परत तपास, नवीन आउटर थोडी बसते. आणि जास्तीची एक केबल ताईंकडून घेऊन डिकीत टाक.

स्पेअर_काउंटर

काका, दोन मागवल्यात. दादा, एक तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय.