मदत हवी आहे : जुन्या टीव्हीवर सरकणारा काळा पट्टा

मंडळी, १५ मिनिटांचा लघुपट करतोय. त्यातल्या अंतराळयानाची केबिन १९७९च्या ‘एलियन’ चित्रपटातल्या नॉस्ट्रोमो यानासारखी हवी आहे: जाड बटणं, मळकट भिंती, हिरव्या अक्षरांचे फुगीर पडदे. रिफायनरी ओढून नेणारं ते यान रोजच्या राबत्यातलं वाटतं, म्हणूनच खरं वाटतं. सपाट एलईडीवर ती अक्षरं नुसती चिकटवल्यासारखी दिसतात, म्हणून भंगारातून १४ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणला. डोळ्यांना फार सुंदर दिसतो! पण शूट केलं की पडद्यावरून काळा पट्टा सरकतो. आपला टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो, म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर (प्रत्येक फ्रेम तेवढा वेळ उघडी) ठेवून पाहिलं. पट्टा मंदावला, गेला नाही. शटर बारीक बदलायची सोय माझ्या कॅमेऱ्यात नाही. असा पडदा कुणी चित्रित केलाय का? कसा जमवलात?